वेळासला तीन दिवस: नियम सांभाळून, खर्च सांभाळून



आपल्या मंडळात समुद्राचा विषय निघाला की गाडी दरवेळी एकाच जागी अडते, "तिकडे आपल्या खाण्याचं काय?" जैन जेवण देणारं मोठं हॉटेल घ्यावं तर खर्च झेपत नाही, आणि स्वस्तात जावं तर नियम मोडतील ही भीती. म्हणून आपण बाहुबली, श्रवणबेळगोळ, शिखरजी यांच्याच वाटेने जातो. यात्रा हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण मागच्या मार्चमध्ये मी आणि आमच्या वन्सं सांगलीहून कोकणातल्या वेळासला जाऊन आलो. दोन रात्री राहिलो, दोघींचा मिळून खर्च ४,७०० रुपये झाला आणि एकही नियम मोडला नाही. कसं जमलं ते लिहिते.

आधी वन्संबद्दल. त्या ६८ वर्षांच्या आहेत. यजमान गेल्यावर त्यांनी एकेक नियम घेतला: सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही, कंदमूळ नाही, हॉटेलचं नाही, पाणी स्वतः गाळलेलंच. नियम त्या आनंदाने पाळतात. पण हळूहळू त्यांनी लग्नकार्याला जाणंही बंद केलं. "माझ्यामुळे दुसऱ्याला कशाला त्रास," एवढंच म्हणायच्या. नियम आत्म्यासाठी घेतले आणि पाय मात्र उंबऱ्यात अडकले, हे मला बघवत नव्हतं. त्यातून त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं तेवढंच, आणि मुलाकडे पैसे मागायचे नाहीत हा त्यांचा बाणा. म्हणून मी असं गाव शोधत होते जिथे पाकीट लहान असलं तरी चालेल आणि स्वयंपाकघरात आपल्याला उभं राहता येईल.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्याच्या टोकाला, बाणकोटच्या जवळ आहे. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. फडणीस म्हणजे दफ्तर आणि हिशेब सांभाळणारा, त्यामुळे माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या बाईला गाव लगेच आपलं वाटलं! नारळी-पोफळीच्या वाड्या, लाल मातीची वाट, आणि वाड्यांपासून थोडं चालल्यावर समुद्र. मोठी हॉटेलं नाहीत, गावकरी आपल्याच घरात पाहुणे ठेवतात.

आम्ही एसटीने गेलो. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना तर प्रवास मोफत. सांगलीहून पहाटे निघून कराड, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून मंडणगड आणि मंडणगडहून वेळास. शेवटच्या टप्प्यावर गाड्या मोजक्या असतात, म्हणून निघण्याआधी मंडणगडच्या गाडीची वेळ फोनवर विचारून घ्या. मुंबईकडच्या मैत्रिणी हरिहरेश्वरला येत असतील तर बागमांडला ते वेसवी फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडू शकतात. पहिल्या दिवसाचा डबा आम्ही घरून नेला होता: दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट. गावात पोचलो तेव्हा दिवस बाकी होता, डबा खाऊन वेळेत पाणी सोडलं.

आता मुख्य गोष्ट, जेवणाची. निघण्याआधी मी घरमालकीणबाईंना फोनवर सगळं स्पष्ट सांगितलं होतं. "ताई, कांदा, लसूण, बटाटा, आलं, गाजर काही नको. संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत. आणि तुमच्या घरी मासे शिजतात का, तेही खरं सांगा." त्या हसून म्हणाल्या, "काकू, शिजतात. पण पाहुणे असले की आम्ही शाकाहारीच करतो. तुम्ही तुमची भांडी आणा, मी शेगडी मोकळी करून देते." हे सरळ उत्तर मला फार आवडलं. आम्ही दोन पातेली, दोन ताटं आणि गाळणं नेलं. वन्संनी आपलं वरण-भात स्वतः लावलं. बाकी तांदळाची भाकरी, लसणाशिवाय कुळथाचं पिठलं, दुधीची भाजी, कोकमाचं सार आणि सकाळी घावन-खोबऱ्याची चटणी त्यांनी आमच्यासमोर केली. खरं सांगू का, ओल्या नारळाच्या प्रदेशात कांदा-लसणाची आठवणच होत नाही.

गावात आपलं मंदिर नाही. वन्संनी दर्शनाचा नियम घेतानाच "प्रवासात मंदिर नसेल तर णमोकाराची एक माळ" अशी सोय ठेवलेली आहे. नियम घेताना ही काळजी आधीच घेतली तर पुढे मनाची ओढाताण होत नाही. अष्टमी-चतुर्दशी टाळूनच तारीख ठरवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं विहिरीवर पाणी गाळत होत्या. गाळून झाल्यावर गाळण्यावरची जिवाणी त्यांनी थोड्या पाण्यात धुतली आणि बादलीने हळूच विहिरीत खालपर्यंत सोडली. घरमालकीणबाई बघत होत्या. त्यांनी विचारलं, "हे काय हो?" वन्सं म्हणाल्या, "पाण्यातले बारीक जीव आहेत. जिथलं पाणी तिथेच परत सोडायचे, नाहीतर मरतात." बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्या कासवांसारखंच की!"

त्या कासवांसाठीच तर वेळासचं नाव झालं. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरएक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पिल्लं ती कधीच बघत नाही. पूर्वी ही अंडी कुत्रे, कोल्हे उकरत आणि माणसंही काढून नेत, खात, विकत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन राखण सुरू केली. किनारा पायाने फिरून घरटी शोधतात, अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात. दीड-पावणेदोन महिन्यांत पिल्लं बाहेर येतात. ती सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. ते बघायला लोक येऊ लागले, कासव महोत्सव सुरू झाला, आणि पाहुण्यांमुळे गावातल्या घरांना चार पैसे मिळू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली उचलली तर खाली नुसती वाळू होती. पिल्लं काही आपल्या तिकिटाच्या तारखा बघून येत नाहीत! संध्याकाळी सोडण्याची वेळ सहाच्या सुमाराची, सूर्यास्त पावणेसातला. घरमालकीणबाईंनी न सांगता पाच वाजताच ताटं वाढली. जेवून, पाणी सोडून आम्ही किनाऱ्यावर गेलो. त्या दिवशी सात पिल्लं निघाली होती, तळहातात मावतील एवढी. वाळूत दोरी बांधलेली असते, सगळ्यांनी तिच्यामागे उभं राहायचं. पिल्लांना उचलून पाण्यात टाकत नाहीत, थोडं अलीकडे ठेवतात, चालायचं त्यांनीच. एक पिल्लू दोनदा लाटेने मागे फेकलं. वन्संनी माझा हात घट्ट धरला होता आणि ओठांवर णमोकार चालू होता. तिसऱ्या लाटेत ते गेलं.

हजारातलं एखादंच पिल्लू मोठं होतं, असं सांगतात. हिशेबाच्या वहीत हा धंदा पक्का तोट्याचा. तरी ही माणसं रोज पहाटे किनारा चालतात. त्यांच्या घरी मासे शिजतात, आपल्या घरी नाही. पण जीव वाचवण्यासाठी इतकी पायपीट मी आमच्या गल्लीत कुणाची पाहिलेली नाही. अहिंसेबद्दल बोलताना आपण जरा हलक्या आवाजात बोलावं, असं मला तिथे वाटलं.

आता जमाखर्च, दोघींचा मिळून:

एसटी, जाणं-येणं: १,०४० रुपये
राहणं आणि जेवण, माणशी दिवसाला ७०० प्रमाणे दोन दिवस: २,८०० रुपये
कासवांच्या कामासाठी देणगी: ५०० रुपये
कोकम आणि तांदळाचं पीठ: ३६० रुपये
एकूण: ४,७०० रुपये

घरोघरी दर वेगळे असतात, तेव्हा आधी विचारून घ्या. फेब्रुवारी ते एप्रिल हा पिल्लांचा काळ, आणि निघण्याआधी गावात फोन करून पिल्लं निघत आहेत का तेही विचारा. शनिवार-रविवारी गर्दी असते, आपण मधल्या वारी जावं. टॉर्च, गाळणं, दोन पातेली आणि घट्ट झाकणाचा डबा एवढं सामान पुरे.

आपण भोगोपभोगाचं परिमाण करतो, म्हणजे काय आणि किती वापरायचं याची मर्यादा आधीच ठरवतो. अंदाजपत्रक तरी दुसरं काय असतं? ज्या बाईला मर्यादेत राहायची सवय आहे तिला थोडक्या पैशांचा प्रवास जड जात नाही. पंचतारांकित हॉटेलात आपले नियम वेटरला समजावून सांगावे लागतात. साध्या घरात मात्र शेगडी मोकळी करून मिळते आणि विहिरीवर कुणीतरी आपुलकीने "हे काय हो?" विचारतं.

मे महिन्यात पुतणीचं लग्न होतं. वन्सं आपलं गाळणं आणि डबा घेऊन दोन दिवस आधीच हजर झाल्या.

जय जिनेंद्र.