गाडीच्या पाठीवर बसून येणाऱ्या गाड्या

चेन्नई म्हटले की मराठी पर्यटकाच्या डोळ्यांपुढे मरीना बीच, मैलापूरचे कपालीश्वर मंदिर, रेशमी साड्यांची दुकाने आणि वाफाळती इडली येते. तिथून पुढे महाबलीपुरम नाहीतर कांचीपुरम, आणि सहल संपते. पण कांचीपुरमच्या वाटेवरच, बंगळूर महामार्गावर, शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे इरुंगट्टुकोट्टई नावाचे ठिकाण आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी इथे एक गमतीचे दृश्य दिसते. लॉऱ्या, टेम्पो आणि जीपमागे जोडलेले ट्रेलर एकामागून एक आत शिरत असतात आणि प्रत्येकाच्या पाठीवर पट्ट्यांनी घट्ट आवळलेली एक गाडी असते. ताशी दोनशे किलोमीटरच्या गोष्टी करणाऱ्या गाड्या इथवर येतात त्या मात्र लहान मुलासारख्या दुसऱ्याच्या कडेवर बसून!

धावपट्टीवरची जत्रा

चेन्नईचे मोटार शर्यतींचे वेड जुने आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची स्थापना १९५३ सालची. त्या काळी स्वतंत्र ट्रॅक कुठला असायला? शहराच्या उत्तरेला, कोलकात्याच्या रस्त्यावर शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातील एक विमानतळ होता. त्याच्या धावपट्टीवर शर्यती सुरू झाल्या. शोलावरमची शर्यत म्हणजे जत्राच असे. लोक डबे बांधून, मुलाबाळांसह येत. कोइमतूरच्या कारखानदार घरांतली मुले आपापल्या गाड्या घेऊन पाचशे किलोमीटरचा प्रवास करून येत.

१९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला क्लबचा स्वतःचा ट्रॅक सुरू झाला. लांबी सुमारे ३.७ किलोमीटर आणि १२ वळणे. अलीकडे त्याचे नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट असे झाले आहे. शेजारीच ह्युंदाईचा कारखाना उभा राहिला आणि १९९८ मध्ये तिथून सँट्रो बाहेर पडली. वेगाच्या गाड्या आणि घरच्या गाड्या अशा एकमेकींच्या शेजारी आल्या.

या मातीतून निघालेली नावे सर्वांना ठाऊक आहेत. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचे इंजिन बसवून एका माणसाची शर्यतीची गाडी बनवली आणि सामान्य घरातल्या तरुणालाही हा खेळ आवाक्यात आणून दिला. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. कोइमतूरचाच नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय ठरला. चेन्नईचा करुण चांडोक २०१० मध्ये त्याच्या पाठोपाठ गेला. दोघांचेही वडील मोटार शर्यतींतले. म्हणजे या खेळात गाडी एकट्याची नसते, घरादाराची असते.

स्वतःच्या चाकांवर का नाही?

शर्यतीच्या गाडीला ना धड दिवे, ना आरसे, ना नंबर प्लेट. सार्वजनिक रस्त्यावर चालवण्यासाठी तिची नोंदणीच झालेली नसते. तीच गोष्ट वाळूत पळणाऱ्या डून बगीची. १९६४ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ब्रूस मेयर्स यांनी फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रावर हलके कवच चढवून अशी बगी बनवली आणि जगभर तिची नक्कल झाली. आपल्याकडे अभियांत्रिकीचे विद्यार्थी 'बाहा' स्पर्धेसाठी पाइपांच्या सांगाड्याची तशीच एका माणसाची गाडी तयार करतात. स्पर्धा भरवणाऱ्या एसएई इंडिया या संस्थेचे मुख्यालय चेन्नईतच आहे. स्पर्धा मात्र २००७ पासून इंदूरजवळच्या पिथमपूरला गाजली. त्यामुळे गाडी बनवून झाली की पहिला प्रश्न उभा राहतो: न्यायची कशी?

समुद्र जवळ आहे म्हणून बगी थेट किनाऱ्यावर उतरवण्याचा मोह चेन्नईकराला होऊ शकतो. पण तो टाळायलाच हवा. साधारण जानेवारी ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवे याच वाळूत अंडी घालायला येतात. नीलांकरै ते बेझंटनगर या पट्ट्यात विद्यार्थी स्वयंसेवक १९८८ पासून रात्रभर पायी फिरून ती अंडी जपत आले आहेत. ज्या वाळूत अंडी पुरलेली असतात, तिथे चाक फिरवणे कोणत्याही खेळात बसत नाही. तेव्हा बगीसाठी परवानगी असलेले खासगी मैदानच गाठायचे, आणि तिथवर तिला वाहूनच न्यायचे.

ट्रेलर निवडताना

इथेच अनेकांचा हिशेब चुकतो. सगळी पुंजी इंजिन, टायर आणि रंगरंगोटीवर जाते आणि ट्रेलर उरल्यासुरल्या पैशांत, कुठल्या तरी गॅरेजमागे पडलेला उचलला जातो. खरे तर ट्रॅकवर कुंपण असते, रुग्णवाहिका असते, डोक्यावर हेल्मेट असते. महामार्गावर यातले काहीच नसते. मागून येणाऱ्या स्कूटरवर एखादे जोडपे लहान मुलाला घेऊन चाललेले असते. ट्रेलर सुटला तर किंमत त्यांनी मोजायची.

पहिला विचार वजनाचा. समजा बगी ५०० किलो, ट्रेलर ३५० किलो आणि जादा चाके, अवजारे, जॅक मिळून १५० किलो. म्हणजे ओढायचे झाले १,००० किलो. आपली जीप वा मोटार एवढे ओढू शकते का, हे तिच्या पुस्तिकेत पाहावे. अनेक लहान गाड्यांच्या बाबतीत कंपनी काही ओढायला स्पष्ट मनाई करते. तिथे हौस आवरती घेऊन टेम्पो भाड्याने करावा.

दुसरा विचार तोलाचा. एकूण वजनाच्या साधारण दहावा भाग किंवा त्याहून थोडा जास्त भार पुढच्या जोडावर यायला हवा. आपल्या उदाहरणात तो शंभर किलोच्या वर झाला. बगीचे इंजिन मागे असते, त्यामुळे ती चढवताना सारा भार शेपटाकडे जातो आणि वेग वाढताच ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागतो. म्हणून गाडी मागे-पुढे सरकवून तोल साधता येईल एवढी फळी लांब हवी.

एका आसाचा ट्रेलर हलका, स्वस्त आणि हाताने वळवता येणारा. दोन आसांचा जड आणि महाग, पण लांबच्या पल्ल्याला अधिक स्थिर. टायर फुटला तरी तो एकदम कलंडत नाही. वजन जास्त असेल तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. शर्यतीच्या बुटक्या गाडीला लांब, कमी चढाचा रॅम्प लागतो. नाहीतर तिचे पोट घासते. उंच बगीला तो त्रास नाही.

आणखी काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. गाडी चारही कोपऱ्यांवर वेगवेगळ्या पट्ट्यांनी बांधावी. नुसता दोर नको. जोडाखाली दोन साखळ्या असाव्यात. मागचे दिवे आणि नंबर प्लेट असावी, कारण कायद्याने ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते. जादा चाक ट्रेलरच्या मापाचे असावे. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत आणि चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहावा. चटका बसला तर बेअरिंग तापले आहे असे समजावे. ट्रेलरवर माणूस कधीही बसवू नये.

कोल्हापूरपासून एकच रस्ता

मराठी वाचकाला गंमत वाटेल, पण पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ या ट्रॅकच्या जवळूनच चेन्नईत शिरतो. कोल्हापुरात गो-कार्टचा ट्रॅक आहे. तिथे वेगाची चटक लागलेल्या मुलाला पुढची पायरी चढायची तर नऊशेहून अधिक किलोमीटर याच रस्त्याने यावे लागते. एवढ्या लांब ट्रेलर ओढत आणण्यापेक्षा बंद लॉरीतून गाडी पाठवणे बहुधा शहाणपणाचे ठरते. वर्षातून दोन-तीनदाच जायचे असेल तर ट्रेलर विकत घेण्यापेक्षा भाडे परवडते. चालकाला झोप मिळते आणि शर्यतीच्या सकाळी मुलगा ताजातवाना असतो.

पाहायला जाताना

शर्यतींच्या तारखा आधी विचारून घ्याव्यात. ऑक्टोबर ते डिसेंबर इथे पाऊस असतो. टोपी, पाणी आणि मुलांच्या कानांत घालायला कापूस बरोबर ठेवावा. श्रीपेरुंबुदूरला रामानुजाचार्यांचे जन्मस्थान आणि राजीव गांधींचे स्मारक आहे, ती भेटही त्याच दिवशी होते. शहरातच शर्यत पाहायची हौस असणाऱ्यांसाठी २०२४ च्या ऑगस्टअखेरीस आयलंड ग्राउंडच्या परिसरात रात्री दिव्यांच्या उजेडात गाड्या पळाल्या होत्या.

आणि ट्रॅकवर गेलात तर पहिली शर्यत सुरू होण्याआधी तासभर लवकर पोहोचा. गाड्या ट्रेलरवरून उतरत असतात. बाप पट्टे सोडत असतो, मुलगा रॅम्प धरून उभा असतो. बक्षीस कोणालाही मिळो, गाडी धडपणे इथवर आली हे पहिले यश त्यांनी तेव्हाच पदरात पाडून घेतलेले असते.