आजोबांचा ५.४०चा मेसेज

आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज पहाटे ५.४० वाजता एक मेसेज येतो. त्यात गुलाबाचं फूल नसतं, उगवता सूर्य नसतो, वाफाळत्या चहाचा कपही नसतो. नुसता मजकूर. वर क्रमांक, मग विषय, मग माहिती आणि शेवटी घरच्यांसाठी एक सूचना. थेट सरकारी परिपत्रकच! हा जुलैमधला नमुना बघा :

"क्र. १९३९. विषय : नौरोजी नगर. दादाभाई नौरोजी १८९२ साली ब्रिटिश संसदेवर निवडून आले. मताधिक्य अवघे ५. नौरोजी हे नाव तिथल्या लोकांच्या जिभेवर बसेना, म्हणून थट्टेने त्यांचे 'नॅरो मेजॉरिटी' करण्यात आले. सूचना : दूधवाल्याचे पैसे राहिले आहेत."

पाठवणारे माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील. वय ८४. १९६३ साली पेणहून दिल्लीला आले, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लोअर डिव्हिजन क्लार्क म्हणून लागले आणि सेक्शन ऑफिसर होऊन २००१ साली निवृत्त झाले. खरं तर १९९९लाच घरी बसायचे, पण मे १९९८मध्ये सरकारनं निवृत्तीचं वय ५८वरून ६० केलं. "दोन वर्षं बोनस," असं ते अजूनही लॉटरी लागल्यासारखं सांगतात.

निवृत्तीनंतर आजी-आजोबा डोंबिवलीला मामाकडे गेले. २०१२मध्ये आजी गेली आणि आई त्यांना परत दिल्लीला घेऊन आली. तीसुद्धा सरकारी नोकरीत. तिला क्वार्टर मिळालं होतं तेही लक्ष्मीबाई नगरातच, आजोबांच्या जुन्या क्वार्टरपासून तीन ब्लॉक सोडून. जावयाच्या घरी कसं राहायचं, हा प्रश्न त्यांनी स्वतःच निकालात काढला. "घर जावयाचं कुठे आहे? सरकारचं आहे. मी सरकारकडे राहतोय."

हे मेसेज सुरू झाले २०२०च्या लॉकडाऊनमध्ये. त्याआधी हा सगळा माल जांभळाच्या झाडाखाली खपायचा. ब्लॉकच्या मागे एक जुनं जांभूळ आहे. त्याखाली आजोबांची लोखंडी घडीची खुर्ची आणि भोवती चार-पाच पेन्शनर मंडळी : एक बंगाली, एक मल्याळी, दोन गढवाली. आजोबा त्यांना मराठी वळणाच्या हिंदीत इतिहास सांगायचे. मार्च २०२०मध्ये बैठक बंद झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ग्रुपवर "क्र. १" येऊन पडला. तेव्हापासून एकही दिवस चुकलेला नाही.

आणि हो, मी तो ग्रुप म्यूट केला होता.

माझी बाजू ऐकून तरी घ्या! मी कंटेंट रायटर आहे. 'तुम्हाला माहीत नसलेल्या १० गोष्टी' हे माझं पोट आहे. दिवसभर आंब्याबद्दल १०, ताजमहालाबद्दल १०, झोपेबद्दल १० गोष्टी लिहिल्यावर पहाटे उशाशी अकरावी गोष्ट वाजली, तर माणूस काय करणार? 'ऑलवेज'वर बोट ठेवलं आणि झोपले. तुमच्याही ग्रुपवर असे एखादे आजोबा असतील, आणि तुमचंही बोट असंच कुठेतरी ठेवलेलं असेल.

पण समोरासमोर मात्र मी त्यांच्या तावडीतून कधी सुटले नाही. जुलै २०१८मध्ये माझं साऊथ कॅम्पसचं कॉलेज सुरू झालं आणि पुढच्याच महिन्यात आमच्या आयएनए स्टेशनावर पिंक लाइन आली. पहिल्या दिवशी आजोबा सोबत आले. आयएनए म्हणजे इंडियन नॅशनल आर्मी, नेताजींची आझाद हिंद सेना, हे तिकीट काढतानाच सांगून झालं. "त्या सेनेत बायकांची पलटण होती. १९४३ साली सिंगापूरला उभी राहिली. कॅप्टन लक्ष्मी तिच्या प्रमुख. पलटणीचं नाव काय? झाशीची राणी! आणि आपण राहतो कुठे? लक्ष्मीबाई नगरात!" जणू काही ही जुळणी त्यांनी स्वतः फाइलवर नोटिंग टाकून मंजूर करून घेतली होती.

पुढचं स्टेशन सरोजिनी नगर. "याचं जुनं नाव विनय नगर. इथल्या बाजारात दीडशेच्या टॉपसाठी चाललेली घासाघीस ऐक, म्हणजे नाव का बदललं ते कळेल." त्यानंतर भिकाजी कामा प्लेस. इथे मात्र मी तोंडघशी पडले. भिकाजी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर धोतर-कोटातले, तपकीर ओढणारे कुणीतरी कोकणातले भिकाजीपंत उभे राहायचे. मी तसं बोलून दाखवलं. आजोबा इतके हसले की समोरच्या बाईंनी त्यांना पाण्याची बाटली देऊ केली. मग १९०७मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टला भारताचा झेंडा फडकवणाऱ्या मादाम कामांची गोष्ट दोघींनीही ऐकली.

माझं स्टेशन दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचं. दुर्गाबाई मूळच्या आंध्रच्या, संविधान सभेच्या सदस्य. १९५३ साली त्यांनी तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी लग्न केलं. चिंतामणराव म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, महाडजवळच्या नाते गावचे. "आपल्या जिल्ह्याचे," आजोबा म्हणाले. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६मध्ये मंत्रिपद सोडलं, तेव्हा आजोबा पेणला शाळेत होते. ते सांगताना त्यांचा आवाज जरा बदलला. मी घड्याळ बघत होते, लेक्चर होतं.

पेण म्हटलं की आजोबांचा हुकमी माणूस येतो : विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक कर्ज फेडायला चार पैसे मिळवावेत म्हणून १८५७मध्ये उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. १८५८मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहरातच होते. लुटले गेले, पायी भटकले, आणि घरी परतले तेव्हा आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड मात्र खांद्यावर होती. त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ साली छापलं गेलं. आजोबांकडची प्रत इतकी जीर्ण आहे की तिला रबरबँड लावावा लागतो. "मीही कर्जापायीच वर आलो," ते म्हणतात. "फरक एवढाच, की गोडसे भटजी एकदा परत गेले ते गेले. मी जाऊन पुन्हा आलो."

आता मुद्द्यावर येते. आई येत्या जूनमध्ये निवृत्त होतेय. सरकारी क्वार्टरचा नियम साधा आहे : नोकरी संपली की ठरलेल्या मुदतीत घर रिकामं करायचं. बाबांनी कर्ज काढून ग्रेटर नोएडात फ्लॅट घेतलाय. सप्टेंबरमध्ये त्याचा ताबा मिळाला, पेढे आले. आजोबांनी पेढा घेतला आणि विचारलं, "कुठला नगर?"

"नगर नाही, सेक्टर. बीटा," बाबा म्हणाले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, ग्रेटर नोएडात सेक्टरांना ग्रीक अक्षरांची नावं आहेत. आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. ओमिक्रॉनसुद्धा आहे, करोनाच्या आधीपासून. आजोबांनी सगळी नावं शांतपणे ऐकून घेतली. "म्हणजे कुणाच्याच नावाचं नाही," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

आम्ही हसलो. मीसुद्धा.

आठ-दहा दिवसांनी डोंबिवलीहून मामाचा फोन आला. "अगं, बाबांची तब्येत बरी आहे ना? आठवडा झाला, मेसेजमध्ये विषयच नाही." मी ग्रुप उघडला. न वाचलेल्या मेसेजांचा आकडा बघून मलाच लाज वाटली. वरवर सगळं नेहमीसारखं होतं. वेळ ५.४०, क्रमांकही बरोबर. पण पुढे लिहिलेलं : "विषय : नाही. सूचना : गीझर बंद करावा." दुसऱ्या दिवशी : "विषय : नाही. सूचना : नाही." मी त्याच घरात राहते. त्यांची खोली आणि माझी खोली यांत एक भिंत आहे, तीही सीपीडब्ल्यूडीची, पातळ. आणि हे कळलं डोंबिवलीला.

ऑक्टोबर उजाडला. पेन्शनरांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. इतरांसाठी नोव्हेंबर, पण ८० ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच मुभा. हल्ली तो मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. हे काम माझ्याकडे असतं. एरवी आजोबा त्या दिवशी फॉर्मात असतात. ८०ला पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ला ३०, आणि शंभरी गाठली तर दुप्पट, हा हिशेब सांगून म्हणतात, "सरकारनं माझ्यावर पैज लावलीय. हरवायचं आहे त्याला." मग नाकरा खटला येतो. पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, केलेल्या नोकरीतून मिळवलेला हक्क आहे, हा १७ डिसेंबर १९८२चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. पाच न्यायमूर्तींच्या पीठावर सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. ती तारीख पेन्शनर दिन म्हणून पाळतात आणि आमच्याकडे त्या दिवशी शिरा होतो.

यंदा यातलं काहीच झालं नाही. मी फोन समोर धरला. अ‍ॅप म्हणालं, डोळे मिटून उघडा. त्यांनी मिटले, उघडले. परत प्रयत्न करा. पुन्हा तेच. चौथ्या वेळी ते म्हणाले, "३८ वर्षं सरकारला तोंड दाखवलं, आता ओळखेना होय?" विनोद नेहमीचा होता, पण तो करणारा माणूस हसत नव्हता. शेवटी गॅलरीत उजेडात उभं केलं आणि चेहरा एका झटक्यात जुळला. दोष आमच्या बल्बचा होता.

पीपीओ नंबर लागणार म्हणून मी त्यांचं फायलींचं कपाट उघडलं होतं. नंबर मिळाला आणि त्याच्याखाली एक लांबट रजिस्टर मिळालं. कव्हरवर माझं नाव. आत रकाने आखलेले : तारीख, लेखाचं शीर्षक, शेरा.

माझे सगळे लेख होते त्यात. आंब्याच्या १० गोष्टी होत्या, झोपेच्या होत्या, एका गादीच्या जाहिरातीसाठी बिननावाने लिहिलेला मजकूरसुद्धा होता. त्याची लिंक मी कधीतरी आईला पाठवली होती. शेरे असे : "चांगला. शेवट घाईत." "शुद्धलेखन : ४ चुका." "गादी खरेच एवढी चांगली आहे काय?" आणि दोन वर्षांपूर्वीच्या राणी लक्ष्मीबाईंवरच्या लेखापुढे : "जन्मसाल १८३५ दिले आहे. १८२८ही सांगतात, एकमत नाही. तिला विचारावे." त्याखाली वेगळ्या शाईत : "विचारले नाही. कामात होती."

मी रजिस्टर होतं तसं परत ठेवलं.

संध्याकाळी जांभळाखाली गेले. खुर्चीवर ते एकटेच होते. पूर्वीच्या मंडळींपैकी दोघं गेले, बाकीचे मुलांकडे. हे झाड त्यांचं लाडकं आहे. २०१८मध्ये शेजारच्या वसाहती पाडून नव्या बांधायच्या म्हणून हजारो झाडं तोडायचं ठरलं आणि सरोजिनी नगरात लोक झाडांना मिठ्या मारायला जमले, तेव्हा ७७ वर्षांचे आजोबाही गेले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेल्याची बातमी त्यांनी कापून ठेवलीय.

मी गवतावर बसले. "आजोबा, लक्ष्मीबाईंचं जन्मसाल नक्की कुठलं हो?"

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "कपाट उघडलंस."

"पीपीओ काढायला."

"हं." मग अर्धा तास १८२८ आणि १८३५. अंधार पडला, डास फोडून काढत होते, पण मी उठले नाही. खुर्ची घडी करताना ते म्हणाले, "इथे दर वळणावर कुणीतरी ओळखीचं भेटतं गं. नौरोजी, सरोजिनीबाई, किडवाई. तिथे काय सांगू? बीटा म्हणजे काय? एक अक्षर."

"मग अक्षराचा विषय घ्या की."

"त्यात काय आहे?" म्हणून ते घराकडे चालू लागले. त्या रात्री त्यांच्या खोलीतला दिवा बराच वेळ चालू होता. भिंत पातळ असल्यामुळे जाड पुस्तकाची पानं उलटल्याचंही ऐकू येत होतं.

मी ग्रुप अनम्यूट करून झोपले. ५.४०ला फोन वाजला :

"क्र. २०३१. विषय : बीटा. ग्रीक लिपीतील हे अक्षर फिनिशियन लोकांच्या 'बेथ'वरून आले. बेथ म्हणजे घर. मुळात ते घराचे चित्रच होते. शेजारच्या आल्फाचा मूळ अर्थ बैल, तेव्हा थोडक्यात वाचलो. सूचना : जांभळाखालची खुर्ची आपली स्वतःची आहे, सीपीडब्ल्यूडीची नाही. सामान नेताना विसरू नये."