टायमिंग चेनची एक कडी

बकरी ईदच्या चार दिवस आधी पन्हाळ्याचा घाट चढताना आमच्या जुन्या ट्रॅक्सच्या इंजिनातून खळखळ येऊ लागली. टायमिंग चेन ताणली होती. हे डिझेल इंजिन मूळ मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातले, चेन दुपदरी. वरचे झाकण काढले की बाकी इंजिन न खोलता ती बदलता येते. जुन्या चेनची एक पिन घासून तोडायची, नवी तिच्या टोकाला जोडायची आणि क्रँकला पाना लावून हळूहळू आत ओढून घ्यायची. दोन्ही टोके घट्ट धरावी लागतात. सुटली, दात चुकला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

मामू आणि आम्ही दोघा भावांनी हे दारातच केले. खाली चिंध्या कोंबल्या, तुकडा आत पडू नये म्हणून. अडले ते शेवटच्या जॉइंट लिंकपाशी. पिना चेपायचे हत्यार नव्हते. "मागे घण धरा, पुढून मी ठोकतो," मामू म्हणाले. तसेही होते, पूर्वी त्यांनी केलेले. पण या वेळी कडी जाम बसली, शेजारच्या कड्यांसारखी लवेना.

अम्मी ओट्यावरूनच म्हणाली, "वाघबीळहून वर माणसं बसवून आणणार ना रे?"

मामू रागावले. मग त्यांनीच ती कडी तोडली.

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात उद्यमनगरातून नवी कडी आणली, हत्यार ओळखीने मागून घेतले. पिनांची डोकी सारखी फुलली. क्रँक हाताने दोन फेरे फिरवून खुणा पाहिल्या, मगच स्टार्टर मारला.

ऐन सणाच्या तोंडावर दोन दिवसांचे वडाप बुडाले. अम्मीने चहा आधी मामूंना दिला.