लाकडाचे वय, लाकडाची ओल

कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर केली की छताला लागून लाकडी कमानी दिसतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. पाहणाऱ्याला वाटते, छत त्यांनीच तोलून धरले आहे. पण छत कातळाचे आहे आणि कमानींना फक्त स्वतःचे वजन पेलायचे आहे. वर पाऊस नाही, खाली माती नाही. लाकूड इतके का टिकले, याचे बरेचसे उत्तर एवढ्यातच आहे.

*

ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते: पेशींच्या पोकळीत मोकळे आणि पेशींच्या भिंतीत मुरलेले. मोकळे पाणी उडून गेले तर लाकूड हलके होते, ताकदीत फरक पडत नाही. ओल साधारण २८–३० टक्क्यांच्या खाली उतरली की भिंतीतले पाणी निघू लागते आणि तिथून लाकूड आटते, कडक होते. (टक्के कोरड्या लाकडाच्या वजनावर मोजतात, म्हणून ओल्या लाकडात ते शंभराच्या वरही जातात.) त्या रेषेखाली ओल एक टक्क्याने कमी झाली की तंतूंच्या दिशेने दाब सोसण्याची ताकद पाचेक टक्क्यांनी वाढते. ताठरपणा मात्र दोनच टक्क्यांच्या आसपास.

*

हाच हिशेब उलटा वाचला पाहिजे. उन्हाळ्यात देशावर सावलीतले लाकूड सहा-सात टक्क्यांवर येते, कोकणात भर पावसात अठराच्या पुढे जाते. म्हणजे श्रावणातली तुळई वैशाखातल्या तुळईइतकी बळकट नसते. दार फुगलेले सगळ्यांना दिसते, हे कुणाला दिसत नाही.

*

धक्का सोसण्याची गोष्ट वेगळी. वाळलेले लाकूड जास्त वजन पेलते, पण तुटण्याआधी कमी वाकते. म्हणून वाळल्याने चिवटपणा वाढेलच असे नाही.

*

प्रयोगशाळेत लाकूड काही मिनिटांत मोडून पाहतात. ओझे वर्षानुवर्षे ठेवले तर लाकूड तिथे मोडले त्याहून पुष्कळ कमी भाराला हार मानते. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या प्रयोगशाळेने काढलेल्या आलेखानुसार दहा वर्षे टिकायचे असेल, तर त्या भाराच्या साठ टक्क्यांच्या आसपासच थांबावे लागते. त्यात ओल वरखाली होत राहिली की बाक आणखी वाढतो, आणि केवळ भिजताना नव्हे, वाळतानाही. जड माळवदाखालच्या तुळया मधोमध खाली आलेल्या असतात, त्यामागे वयापेक्षा ही ये-जा अधिक आहे असे मला वाटते.

*

मग नुसत्या वयाने काय होते? जपानमधल्या होर्यूजी मंदिराच्या हिनोकी लाकडावर जिरो कोहारा यांनी केलेले काम यासाठी मोलाचे आहे. त्यांना आढळले की तोडल्यानंतर पहिली दोन-तीनशे वर्षे त्या लाकडाचा ताठरपणा आणि दाब सोसण्याची ताकद वाढत जाते, मग सावकाश उतरते. हजाराहून अधिक वर्षांनीही ती नव्या लाकडाच्या जवळपास असते. किंमत मोजावी लागते ती चिवटपणात: जुने लाकूड पटकन चिरते, विशेषतः तंतूंना आडव्या दिशेने ताण आला तर. केयाकी या जातीत घसरण बरीच लवकर होते. त्यामुळे हिनोकीचे आकडे सागावर चिकटवू नयेत.

*

बुरशीला साधारण वीस टक्क्यांच्या वर ओल हवी. बुरशी आधी चिवटपणा खाते. काही बुरशींत वजन पाच-दहा टक्के घटेपर्यंत धक्का सोसण्याची निम्म्याहून अधिक ताकद गेलेली असते, आणि वरून लाकूड शाबूत दिसते. जमिनीची ओल लागू नये म्हणून आपल्याकडे खांब तळखड्यावर उभा करत, जमिनीत गाडत नसत. तुळईचे भिंतीत गेलेले टोक हीच खरी धोक्याची जागा. जुन्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते आणि टोक कुजते.

*

पाडलेल्या वाड्यांची सागवानी लाकडे जळणाच्या भावाने जाताना पाहून जीव तुटतो. तुळई शंभर वर्षांची आहे, हे ती नाकारण्याचे कारण असू शकत नाही. टोके टोच्याने तपासावीत, पोकळ लागतील तेवढी कापून टाकावीत, कुसवाची भोके आणि उभ्या चिरा पाहाव्यात, आणि उरलेल्या लांबीत थोडा आखूड गाळा घेऊन ती पुन्हा तुळई म्हणूनच बसवावी.