तेराव्या मिनिटाचे माप

आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात. त्यामुळे रात्री आठच्या सामन्याला बसणाऱ्यांपुढे खायला काही नसते, आणि रिकामी तोंडे वादाला लवकर लागतात. २० डिसेंबर २०२३ च्या रात्री सांगलीच्या आमच्या दिवाणखान्यात तेच घडले. मुंबईत अंधेरीच्या मैदानावर मुंबई सिटी आणि मोहन बागान यांचा इंडियन सुपर लीगमधील फुटबॉल सामना होता. नातू मुंबईच्या बाजूचा. कोल्हापूरहून आलेला भाचा मोहन बागानचा. कापडाच्या खरेदीसाठी वर्षातून तीन-चार वेळा त्याचे कोलकात्याच्या बडाबाजारात जाणे असते, आणि तेथील आडत्यांनी मालाबरोबर हा नादही त्याला बांधून दिला आहे. मूळचा नाद अर्थात कोल्हापूरचाच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की पेठाच्या पेठा तेथे लोटतात. मी दोघांच्या मध्ये बसलो होतो. कोणत्याही बाजूचा नसल्यामुळे दोघांनाही साक्षीला हवा होतो.

तेराव्या मिनिटाला मुंबईच्या आकाश मिश्राने मनवीर सिंगकडून चेंडू काढून घेण्यासाठी घसरत पाय घातला आणि पंचांनी थेट लाल कार्ड दाखवले. नातू ताडकन उभा राहिला. ‘पिवळे पुरे होते,’ हे त्याचे म्हणणे. ‘पाय कुठे लागला ते बघ,’ हे भाच्याचे.

नियम मी नंतर वाचून घेतला. सवयच ती; परिपत्रक पाहिल्याशिवाय मत द्यायचे नाही. फुटबॉलच्या बाराव्या नियमात धसमुसळेपणाच्या तीन पायऱ्या आहेत. खेळाडू केवळ बेसावध असेल तर प्रतिपक्षाला फ्री किक मिळते, कार्ड नाही. समोरच्याला होणाऱ्या इजेची पर्वा न करता तो खेळला असेल तर पिवळे कार्ड. आणि गरजेपेक्षा जास्त बळ वापरून त्याने दुसऱ्याच्या शरीराला धोका निर्माण केला असेल तर लाल. कागदावर हे स्वच्छ आहे. मैदानावर मात्र बेपर्वाई कोठे संपली आणि धोका कोठे सुरू झाला, हे एका माणसाने धावता धावता, एकाच कोनातून पाहून ठरवायचे असते. आपल्या लीगमध्ये त्या वेळी चित्रफीत पाहून निर्णय फिरवण्याची सोयही नव्हती.

ही कार्डेही फार जुनी नाहीत. १९६६ च्या विश्वचषकात वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध खेळताना अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तिन याला जर्मन पंचांनी बाहेर काढले. पंचांना स्पॅनिश येत नव्हते, कर्णधाराला जर्मन येत नव्हते. तो बराच वेळ मैदान सोडेना. त्या गोंधळानंतर केन ॲस्टन या इंग्रज पंचप्रमुखांना लंडनच्या रस्त्यावरील सिग्नल पाहून पिवळ्या आणि लाल रंगाची कल्पना सुचली, आणि १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात कार्डे आली. गंमत अशी, की त्या संपूर्ण स्पर्धेत एकदाही लाल कार्ड निघाले नाही. भाषेची अडचण सुटली. मापाची अडचण राहिली.

त्या रात्री अंधेरीत ती उघडी पडली. दहा खेळाडूंच्या मुंबईवर मोहन बागानने आघाडी घेतली, ग्रेग स्टुअर्टने पूर्वार्ध संपण्याआधी बरोबरी साधली. उत्तरार्धात मोहन बागानच्या आशिष रायला लाल कार्ड, पाठोपाठ गोव्याच्या लिस्टन कोलासोला लाल कार्ड. बिपिन सिंगने मुंबईला पुढे नेले, मग स्टुअर्टही बाहेर. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा दोन्हीकडे नऊ-नऊ खेळाडू होते, आणि शिट्टीनंतरच्या झटापटीत आणखी तिघांना लाल कार्डे मिळाली. एका सामन्यात सात. मुंबई २-१ ने जिंकली, पण आमच्या दिवाणखान्यात गोलांविषयी कोणी बोलत नव्हते. भाच्याचा आरोप होता, की पंचांनी पहिले कार्ड फेडण्यासाठी पुढची दिली. नातवाचा आरोप, की पहिलेच चुकले होते. दोघांचेही एकाच वेळी खरे असू शकते, हे मी बोललो नाही.

आमच्या मुलखाला हा वाद नवा नाही, फक्त तो मातीवर आणि गादीवर होतो. त्याच वर्षी जानेवारीत पुण्याच्या कोथरूडला झालेल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत महेंद्रला दिलेल्या चार गुणांवरून सांगली-साताऱ्यातील एकही कट्टा गप्प नव्हता. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला तर शिवराज राक्षे यांनी ‘पाठ टेकलीच नाही’ म्हणत पंचांना लाथ मारली. निलंबन ओढवले तीन वर्षांचे. लाथेचे समर्थन मी करणार नाही. मात्र त्यांची पाठ टेकली होती की नाही, हा प्रश्न निलंबनाने मिटत नाही.

सामना संपल्यावर नातवाने मला विचारले, ‘आजोबा, पहिले कार्ड कडक दिले, तर पुढे सगळ्यांनाच कडक द्यायला हवे ना? की पंचांनी मध्येच नरम व्हायचे?’ मी सकाळी सांगतो म्हणालो. उत्तर सुचत नव्हते म्हणून नव्हे. मला एकदम साताऱ्याची शाखा आठवली होती.

१९९६ साली मी तेथे शाखाधिकारी होतो. एका संध्याकाळी रोखपालाच्या रोकडीत हजार रुपयांची तूट निघाली. मुलगा तरुण होता, नोकरीला तीन वर्षे झालेली. त्याने तूट त्याच संध्याकाळी खिशातून भरली. नियमाप्रमाणे मी प्रादेशिक कार्यालयाला अहवाल पाठवला, त्याला मेमो आला, त्याने खुलासा दिला. त्या वर्षीच्या पदोन्नतीच्या यादीतून त्याचे नाव गळले. मला त्यात वावगे वाटले नाही. व्यापाऱ्याच्या घरातला मी. गल्ला संध्याकाळी जुळलाच पाहिजे, हे आम्ही अक्षरओळखीआधी शिकतो.

आठ महिन्यांनी तेवढीच तूट दुसऱ्या रोखपालाकडे निघाली. हे गृहस्थ निवृत्तीला टेकलेले, घरी मुलीचे लग्न ठरलेले. त्यांचे हात थरथरत होते. त्यांनीही पैसे भरले. मी अहवाल पाठवला नाही. तूट-भरण्याची नोंद मी अशी काही लिहिली, की तपासणीत कोणाचे लक्ष जाऊ नये.

शाखेत भिंतींनाही कान असतात. दुसऱ्या दिवशी तो तरुण माझ्या टेबलापाशी आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, ‘साहेब, नियम बदलला का?’ मी मान वर न करता सांगितले, ‘तुम्ही तुमचे काम बघा.’

एवढेच. नंतर माझी बदली झाली, त्याला यथावकाश पदोन्नतीही मिळाली. दोन्ही निर्णयांसाठी माझ्याजवळ कारणे होती, आजही आहेत. वय वेगळे, परिस्थिती वेगळी. पण पहिल्याला मी वय आणि परिस्थिती विचारलीच नव्हती.

जानेवारीत एका लग्नासाठी साताऱ्याला गेलो, तेव्हा पत्ता शोधून त्याच्या घरी गेलो. तोही आता निवृत्तीच्या जवळ आलेला, डोक्यावरचे केस माझ्यापेक्षा पांढरे. सामन्याची हकिकत सांगून मी मूळ विषयावर आलो. बोलणे सोपे गेले नाही. त्याने ऐकून घेतले.

‘त्यांचा अहवाल पाठवला नाहीत ते बरेच केलेत, साहेब,’ तो म्हणाला. ‘ते आमच्याच गल्लीत राहायचे. मेमो आला असता तर लग्नाच्या घरात रडारड झाली असती. आणि माझा पाठवलात, त्याचेही काही नाही, तूट होतीच. पण मी विचारले, तेव्हा तुम्ही वर पाहिले नाहीत.’

मी म्हणालो, ‘खरे आहे.’

त्याच्या पत्नीने चहा आणला. नंतर तो मला पोवई नाक्यापर्यंत सोडायला चालत आला. वाटेत त्याने नातवाची चौकशी केली, कितवीत आहे, कोणत्या जागेवर खेळतो. बचावफळीत, मी सांगितले. ‘मग कार्डे मिळणारच,’ तो हसून म्हणाला, आणि मला गाडीत बसवून परत फिरला.