ड्रमला मनाई होती तेव्हा

साठी ओलांडलेल्या माणसानं ‘न्यूयॉर्कमध्ये निवांत जॅझ कुठे ऐकायला मिळेल?’ असं विचारलं, की समोरचा डोळे झाकून ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ सांगतो. नाव मोठंच आहे. मॅक्स गॉर्डननं १९३५ साली सुरू केलेला हा तळघरातला क्लब. सॉनी रोलिन्स, जॉन कोल्ट्रेन, बिल इव्हान्स यांच्या गाजलेल्या रेकॉर्डी इथेच झाल्या. पण खाली उतरायला खडा जिना, आत खुर्चीला खुर्ची खेटलेली, आणि सोमवारी गेलात तर समोर सोळा वादकांचा बँड. संगीत अव्वल. निवांत मात्र नव्हे.

निवांत जॅझचा या शहरातला पायंडा पडला तो रसिकांच्या आवडीपेक्षा परवान्याच्या भानगडीमुळे. १९२६ च्या कॅबरे कायद्यानं संगीत-नृत्याच्या जागांना परवाना सक्तीचा केला. पुढे बिनपरवाना बार आणि उपाहारगृहांना सवलत मिळाली ती एवढीच: पियानो, तंतुवाद्यं आणि आणखी एखाद-दोन वाद्यं चालतील, वादक फार तर तीन. ड्रम नाही, ट्रम्पेट नाही, सॅक्सोफोनसुद्धा नाही! मालकांनी मग पियानो आणि डबल बास अशी जोडी बसवली. ड्रमर नसल्यानं ताल धरून ठेवण्याची जबाबदारी बासवर आली, आणि पियानोवाल्याला हळू, अगदी पुटपुटल्यासारखंही वाजवता येऊ लागलं. सरकारी जाचातून एवढी नाजूक चीज क्वचितच निपजली असेल.

युनिव्हर्सिटी प्लेसवरचा ‘ब्रॅडलीज’ हा या प्रकाराचा मेरुमणी. १९६९ साली उघडलेल्या या लहानशा बारमध्ये टॉमी फ्लॅनगन, केनी बॅरन यांच्यासारखे पियानोवादक हाताच्या अंतरावर वाजवत. ‘टेक फाइव्ह’ रचणारा पॉल डेस्मंड स्वतः सॅक्सोफोनवाला; तरी १९७७ मध्ये तो गेला तेव्हा आपला बाल्डविन पियानो त्यानं या बारच्या नावे ठेवला होता. वाद्यांवरची आणि वादकसंख्येवरची बंधनं न्यायालयानं १९८६ आणि १९८८ मध्ये उडवली. वादकांच्या दृष्टीनं हा न्यायच होता, त्यांनीच तो भांडून मिळवला. पुढे १९९६ मध्ये ब्रॅडलीज बंद पडला.

आता पियानो-बासची तीच चव हवी असेल तर वेस्ट टेन्थ स्ट्रीटवरचा ‘मेझरो’ गाठावा. पियानोवादक स्पाइक विल्नरनं २०१४ मध्ये काढलेली ही छोटी जागा मुळात पियानोसाठीच आहे, आणि वादन चालू असताना गप्पा मारणं इथे खपत नाही. जुनी मंडळी फार शांतपणे ऐकायची अशी एक समजूत असते. बिल इव्हान्सची जून १९६१ मधली व्हॅनगार्डची रेकॉर्ड लावून पाहावी: पेल्यांची किणकिण आणि टेबलांवरच्या गप्पा चांगल्या ऐकू येतात.

जर्सी सिटीत लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या पुण्या-ठाण्याच्या आईबाबांना मेझरो तसा जवळ. जर्नल स्क्वेअरला पाथ गाडीत बसून ख्रिस्तोफर स्ट्रीटला उतरायचं. मात्र त्या स्टेशनचा अरुंद जिना आणि पुढे मेझरोचाही जिना! गुडघे कुरकुरत असतील त्यांनी सरळ कोलंबस सर्कलच्या ‘डिझीज क्लब’ला जावं. पाचवा मजला, पण लिफ्ट आहे. वादकांच्या पाठीमागच्या मोठ्या काचेतून सेंट्रल पार्क दिसतो. तिकीट घेण्याआधी वादकांची यादी वाचावी. पियानो, बास, गिटार एवढंच असेल तर निर्धास्त जावं; तीन ट्रम्पेट दिसले तर नातवाला पाठवावं. तिकीट पहिल्या खेळाचं काढावं, म्हणजे परतीच्या गाडीसाठी ताटकळावं लागत नाही.

आणि दारूचा आग्रह नसेल तर हार्लेम. पियानोवादक मार्जरी एलियट यांचा मुलगा १९९२ मध्ये गेला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी राहत्या घरात रविवारी दुपारी मैफली सुरू केल्या आणि वर्षानुवर्षं चालवल्या. तिकीट नाही. दिवाणखान्यात घडीच्या खुर्च्या, त्या भरल्या की स्वयंपाकघरात आणि पॅसेजमध्ये आणखी खुर्च्या, आणि मध्यंतरात सगळ्यांना फळांचा रस.