लाभक्षेत्रात वाचलेली 'झाडाझडती'

विश्वास पाटलांची 'झाडाझडती' मी कुंभार पिंपळगावात वाचली, तेही कॅनॉलला पाणी सुटलेलं असताना. धरणात गाव गेलेल्या माणसांची ही कादंबरी 1991 साली आली आणि 1992 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मी मात्र धरणाच्या पाण्यावर जगणाऱ्या मुलखातला. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून 208 किलोमीटर जातो. आमच्या घनसावंगी तालुक्यातला कितीतरी ऊस त्याच्याच जिवावर उभा आहे.

पाण्याची पाळी रात्रीची असली की दारं धरून पहाटे घरी यायचं आणि झोपण्याआधी दोन पानं वाचायची, असं ठरवलं होतं. पण पुस्तक हातातून सुटेना. मोजणीवाले गावात येतात, नोटिसा लागतात, आश्वासनांची खैरात होते आणि मग पाणी चढतं. गाव बुडण्यापेक्षा त्यानंतरची वणवण मला जास्त लागली. ज्यांनी जमीन दिली, त्यांनाच जमिनीच्या तुकड्यासाठी टेबलाटेबलापुढं हात जोडावे लागतात. खैरमोडे गुरुजींसारखा सरळ माणूस त्यांच्यासाठी झगडतो तेव्हा आपला जीव टांगणीला लागतो. काही पानांवर डोळे भरून आले, काही पानांवर अंगाचा तिळपापड झाला. बाहेर शेतात पाणी खळाळत होतं आणि ते पाणी कुणाच्या अंगणावरून आलं असेल, हा विचार डोक्यातून जाईना.

माझी आत्या शेवगाव तालुक्यात दिलेली. तिच्या सासरचं गाव नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्याच जलाशयात गेलं. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक, पण त्यावर बसून बोलणं कधी झालं नव्हतं. कादंबरी संपल्यावर मी तिच्याकडं गेलो आणि गाव उठलं त्या दिवसाचं विचारलं. आधी ती नुसतीच म्हणाली, "आता कशाला रे ते?" मग बोलू लागली.

"घर उकललं. चौकट, तुळया, जातं, सगळं गाडीत घातलं. पण आड कसा न्यायचा, बाळा?"

तिच्या सासूनं आडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पोहरा आणि दोर मात्र गाडीत ठेवला. नव्या गावठाणात आडच नव्हता. तो दोर कितीतरी वर्षं खुंटीला तसाच टांगलेला होता. हे सांगताना आत्या रडली नाही. मला मात्र तिच्याकडं बघवेना.

जायकवाडीची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 साली इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. राज्यानं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तोही 1976 सालीच. म्हणजे आत्याच्या गावानं घरं उकलली तेव्हा तिच्या पाठीशी असा कायदाही नव्हता. धरण नको होतं, असं मी म्हणणार नाही. दुष्काळी मराठवाड्याला पाणी हवंच होतं आणि आमच्या पिढीची शिक्षणं, लग्नं त्याच पाण्यावर झाली. पण ज्यांच्या त्यागावर हे उभं राहिलं, त्यांना हक्काचं मागण्यासाठी हेलपाटे घालावे लागणं हा सरळसरळ अन्याय आहे. लाभ घेणाऱ्यांनी तो अन्याय आहे असं उघडपणे म्हटलं पाहिजे.

म्हणून कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या प्रत्येक गावाला माझी विनंती आहे. शाळेच्या ग्रंथालयात ही कादंबरी ठेवा, पोरांना वाचायला लावा. नात्यात, शेजारात कुणी धरणग्रस्त असेल तर त्यांच्याकडून गावाची हकीकत लिहून घ्या: घर कुठं होतं, आड कुठं होता, काय कबूल झालं आणि काय मिळालं. हे काम पुढं ढकलण्यासारखं नाही. नव्या सुना म्हणून ज्यांनी ती गावं सोडली, त्या बायकाही आता सत्तरीच्या घरात आहेत.